मिग-२१, १/७२ : पहिलं किट, लागणारी हत्यारं आणि कामाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

मिग-२१ लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं किट उघडलं, खऱ्याच्या १/७२ आकाराचं. राखाडी प्लास्टिकच्या, भाग जोडलेल्या तीन फ्रेम, पारदर्शक भागांची एक छोटी फ्रेम, डेकलचा (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या चिन्हांचा) कागद आणि सूचनापत्रक. खऱ्या मिग-२१ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर भरतात, मॉडेलवर ते ९९ मिलिमीटर होतात. म्हणजे काम एका छोट्या टेबलावर होतं आणि तयार झाल्यावर शोकेसचा एक कप्पा पुरतो. पहिल्या किटसाठी जेट विमान निवडणं शहाणपणाचं. प्रोपेलर नाही, दुपंखी विमानासारख्या ताणलेल्या तारा नाहीत, कॉकपिटही छोटं. शिवाय हे विमान आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बांधलं गेलेलं आहे, त्यामुळे ते इथल्या टेबलावर असायलाच हवं.

या नोंदींचा हेतू एवढाच की नवशिक्याला खरोखर काय लागतं आणि कधी लागतं ते लिहून ठेवायचं. ज्या टप्प्याला जे हत्यार लागेल ते त्या टप्प्याच्या तोंडावर आणायचं. पंचवीस-तीस नगांचे स्वस्त तयार टूल सेट घेऊ नयेत. त्यातला निपर (भाग फ्रेमवरून कापायची छोटी पक्कड) प्लास्टिक कापण्याऐवजी चिरडतो, चिमट्याची टोकं जुळत नाहीत आणि अर्ध्या वस्तूंना पहिल्या किटमध्ये काहीच काम नसतं. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) आणि कॉम्प्रेसरही आत्ता नको. हे मॉडेल ब्रशने रंगवायचं आहे.

आज फक्त धुलाई. साच्यातून भाग सुटावेत म्हणून कारखान्यात कधीकधी तेलकट द्रव्य वापरतात. ते राहिलं तर रंग धरत नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून फ्रेम जुन्या मऊ टूथब्रशने घासल्या. पाणी कढत नको, पातळ भाग वाकतात. आणि खाली पिठाची चाळणी हवीच, कारण सुटलेला भाग मोरीत गेला की गेला.

१५ सप्टेंबर, सोमवार

खरेदी. मुंबईतला नागदेवीचा हत्यारांचा बाजार रविवारी बंद असतो म्हणून आज.

निपर : एका बाजूने सपाट धार असलेला, खास प्लास्टिकसाठीचा. नागदेवीला इलेक्ट्रॉनिक कामाचे साइड कटर ढिगाने मिळतात, पण त्यांची धार दोन्ही बाजूंनी उतरती असते. त्या उतारामुळे प्लास्टिक कापलं जाताना दाबलं जातं आणि भागावर पांढरा डाग उमटतो. निपर हॉबीच्या दुकानातूनच घ्यावा, तिथे हात आखडू नये. त्याने तांब्याची किंवा लोखंडाची तार एकदाही कापायची नाही. धारेत खाच पडली की तो निपर संपला.

सुरी : हॉबी नाइफ महाग वाटत असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकल दुकानात तीन नंबरचं हँडल आणि अकरा नंबरची ब्लेड मागावी. टोकदार, सरळ धारेची, आपल्याला हवी तीच. एक काळजी मात्र घ्यायची. ही ब्लेड हॉबी नाइफच्या ब्लेडपेक्षा पातळ असते, आडवा जोर दिला तर टोक मोडून उडतं. ब्लेड बदलताना बोटं नाहीत, पक्कड.

पॉलिश पेपर : पाण्यात चालणारा काळा कागद, ४००, ६००, १००० आणि २००० नंबर, प्रत्येकी एक ताव. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. सुतारकामाचा पिवळा सँडपेपर इथे चालत नाही. तो खोल ओरखडे पाडतो आणि ते रंगाखालूनही दिसतात.

बारीक टोकाचा चिमटा आणि अर्धगोल छोटी कानस सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानातून. झवेरी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत मिळणारे सोनारी चिमटे टूल सेटमधल्या चिमट्यांपेक्षा कितीतरी सरस आहेत. घेताना टोकं उजेडासमोर धरून मिटवावीत. मध्ये फट दिसली तर दुसरा मागावा.

ए-४ आकाराची कटिंग मॅट अब्दुल रहमान स्ट्रीटच्या स्टेशनरीतून.

गोंद हॉबीच्या दुकानातून : तामिया कंपनीचा एक्स्ट्रा थिन सिमेंट, हिरव्या झाकणाची ४० मिलिलिटरची चौकोनी बाटली, झाकणातच ब्रश. ही बाटली तीन-चार किटना आरामात पुरते.

२० सप्टेंबर, शनिवार

कापणी. सगळे भाग एकदम कापून डबीत भरायचे नाहीत. क्रमांक फ्रेमवर असतो, भागावर नसतो. सूचनेतल्या एका पायरीचेच भाग कापावेत.

काप दोन वेळा घ्यायचा. पहिला काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब, फ्रेमच्या बाजूला. भाग मोकळा झाला की दुसरा काप जवळ, निपरची सपाट बाजू भागाकडे, तरीही अर्धा मिलिमीटर खुंट ठेवूनच. तो खुंट सुरीने पातळ पातळ सोलायचा आणि शेवटी ६०० च्या कागदाने सपाट करायचा. एकाच कापात भागाला चिकटून कापलं तर ताणामुळे खुंटाबरोबर भागाचाही टवका निघतो, आणि बुजवणीचं काम विनाकारण वाढतं.

चाकांचे दांडे, पिटो नळी (विमानाचा वेग मोजायची नळी) असे काडीसारखे भाग कापताना क्रम सांभाळावा. आधी भागाच्या आजूबाजूची जाड फ्रेम दोन्हीकडून तोडायची, मग भाग सोडवायचा. जाड फ्रेम तशीच ठेवून बारीक टोक आधी कापलं की सगळा ताण काडीवर येतो आणि ती मधोमध मोडते.

या किटची पिटो नळी आज कापलीच नाही. ती नाकासमोर लांब निघालेली असते आणि हाताळताना हमखास तुटते. सगळ्यात शेवटी.

भाग उडण्याबद्दल : चिमट्यात गच्च दाबलेला छोटा भाग निसटला की खोलीभर कुठेही जाऊ शकतो. टेबलाच्या कडेला जुन्या पंच्याचं एक टोक टेपने चिकटवून दुसरं टोक मांडीवर घ्यावं. बहुतेक वेळा भाग झोळीतच पडतो. पंखा बंद.

२१ सप्टेंबर, रविवार

कॉकपिट आणि कोरडी जुळणी. धडाचे दोन अर्धे भाग गोंदाशिवाय मास्किंग टेपने बांधून पाहिले. मागच्या एक्झॉस्टजवळ नीट बसतात, नाकाशी अर्धा मिलिमीटर फट. कारण शोधलं तर कॉकपिटच्या टबची (आत बसवायच्या खोलगट भागाची) एक कड रुंद आहे. टब ४०० च्या कागदावर चार-पाच वेळा घासल्यावर फट मिटली. ही फट गोंद लावून, दाबून बंद केली असती तर महिन्याभराने सांधा उघडला असता. प्लास्टिक ताण विसरत नाही.

कॉकपिटला वॉलेहो कंपनीचे पाण्याचे अॅक्रिलिक रंग. ब्रशकामाला नवशिक्याने हेच घ्यावेत. तामियाचे अॅक्रिलिक एअरब्रशला सुरेख, पण ब्रशने दुसरा हात मारायला गेलं की खालचा थर उकलतो. कॅम्लिनचे चित्रकलेचे अॅक्रिलिक प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) चालतात. मात्र त्यांचा दाट लेप पॅनेलच्या (विमानाच्या पत्र्यांच्या जोडांच्या) बारीक रेषा भरून टाकतो, तेव्हा पाणी घालून तीन-चार पातळ हात द्यावे लागतात. ब्रश : ० नंबर आणि ४ नंबर गोल, एक अर्धा इंच चपटा. सिंथेटिक केसांचे पुरेत.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज गोंद, आणि इथे थोडं सविस्तर लिहायला हवं. नवशिक्यांची सर्वाधिक मॉडेल्स याच टप्प्यावर बिघडतात.

सिमेंट चिकटवत नाही, विरघळवतो. त्यात अॅसिटोन आणि ब्युटाइल अॅसिटेट असतं. ते दोन्ही कडांचं पॉलिस्टायरीन मऊ करतं, कडा एकमेकींत मिसळतात, द्रावण उडून जातं आणि उरतं सलग प्लास्टिक. म्हणून रंगवलेल्या कडेवर तो काम करत नाही. सांध्याच्या जागेवरचा रंग आधी खरवडून काढायचा.

पद्धत : धडाचे दोन भाग जुळवून हाताने धरले. ब्रश बाटलीच्या तोंडाशी निथळून घेतला आणि सांध्याला फक्त एका ठिकाणी टेकवला. गोंद आपोआप फटीतून तीन-चार सेंटिमीटर धावतो. मग पुढची जागा. पूर्ण सांध्याला लागल्यावर हलका दाब. फटीतून मऊ प्लास्टिकची केसाएवढी कड वर आली पाहिजे. ती पुसायची नाही! वाळल्यावर घासली की सांधा नाहीसा होतो. ज्या जागी बोट टेकवलंय तिथून ब्रश फिरवू नये. गोंद बोटाखाली शिरतो आणि अंगठ्याचा ठसा प्लास्टिकवर कायमचा कोरला जातो.

बाटली लवंडते. स्टीलच्या वाटीत कणकेसारख्या चिकट पुट्टीचा गोळा ठेवून त्यात बाटली बसवली. झाकण प्रत्येक वेळी लावायचं. वास उग्र आहे आणि द्रव पेट घेतो. खिडकी उघडी, जवळ उदबत्ती किंवा निरांजन नाही.

फेविक्विक कुठे? प्लास्टिकला धातू जोडायचा असेल तिथे. बाकी सांध्यांना नको. तो ठिसूळ बसतो, धक्का लागला की सुटतो. पारदर्शक भागांच्या आसपास तर अजिबात नको. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते, आणि आपल्या दमट हवेत जास्तच. फेविबाँड रबरी आहे, दोरे सुटतात, तो या कामाचा नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ मध्ये २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनपासून सुरू झालेली सेवा आज २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनपाशी थांबली. टेबलावर त्याच विमानाच्या नाकात वजन भरायचं काम होतं.

वजन का? मुख्य चाकं मागे आहेत आणि शेपटीकडे प्लास्टिक जास्त. वजन नसेल तर मॉडेल शेपटीवर बसतं. किती, हे अंदाजाने ठरवू नये. पंख आणि शेपूट टेपने तात्पुरती लावली, मुख्य चाकांच्या जागेच्या थोडं पुढे धडाखाली पेन्सिल आडवी ठेवली आणि मॉडेल पुढे झुकेपर्यंत नाकावर वजन ठेवत गेलो. पाच ग्रॅमला समतोल आला. सात ग्रॅम भरले, कारण रंग आणि बाहेरच्या टाक्यांनी हिशेब बदलतो. सोनारी डिजिटल काटा असला तर उत्तम.

वजन म्हणजे मासेमारीच्या गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या. हातोडीने चपट्या करून नाकातल्या शंकूच्या मागे आणि कॉकपिटच्या टबाखाली. बसवायला एरल्डाइट. फेविकॉल कधीही नाही. पांढऱ्या गोंदातल्या अॅसिटिक आम्लामुळे बंदिस्त जागेत शिसं हळूहळू गंजतं, त्याची पांढरी भुकटी फुगते आणि काही वर्षांनी मॉडेल आतून फुटतं. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि ते मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

दिवसभर पाऊस. रंगाला हात लावायचा नाही, तेव्हा सांधे.

धडाचा सांधा पाण्यात भिजवलेल्या ६०० च्या कागदाने घासला. ओलं घासल्याने धूळ हवेत जात नाही आणि कागद भरत नाही. कागद आइस्क्रीमच्या काडीला दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावला की सपाट जागा सपाट राहते. गोल धडावर मात्र काडी नको, कागदाची पट्टी बोटावर गुंडाळून. सांधा दिव्याखाली आडव्या उजेडात पाहावा. वरून पडणाऱ्या उजेडात सगळंच गुळगुळीत दिसतं.

पंखाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बारीक फट होती. तिथे फ्रेमच्याच प्लास्टिकची लापशी वापरली. फ्रेमचे बारीक तुकडे करून छोट्या काचेच्या बाटलीत तळाशी, वर तुकडे बुडतील एवढा सिमेंट, रात्रभर ठेवायचं. मधासारखं दाट मिश्रण तयार होतं. ते टूथपिकने फटीत भरलं. वाळल्यावर मूळ प्लास्टिकच असल्यामुळे घासताना कड वेगळी पडत नाही. दोन-तीन दिवस थांबायचं, कारण ते आटतं. लवकर घासलं तर नंतर तिथे खळगा पडतो. एम-सील मोठ्या भगदाडाला ठीक. मिलिमीटरपेक्षा बारीक कामाला त्याचा कण जाड पडतो. गाडी रंगवणाऱ्यांची एनसी पुट्टी पातळ थरात चालते, जाड भरली तर आतलं द्रावण प्लास्टिक वितळवतं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

हत्यारं पूजेला, म्हणून आधी साफसफाई. निपरच्या जबड्यातला प्लास्टिकचा भुगा काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि कोरड्या कापडाने पुसणं. समुद्राची हवा आहे. पावसाळ्यात न पुसलेला निपर काही दिवसांत तांबूस होतो. हत्यारांच्या डब्यात चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. कानशीत अडकलेलं प्लास्टिक तारेच्या ब्रशने.

वापरलेली ब्लेड एका पत्र्याच्या डबीत, झाकणाला चीर पाडून, झाकण टेपने कायमचं बंद करून. सुटी ब्लेड कचऱ्यात टाकणं अक्षम्य आहे. आपला कचरा पुढे कोणीतरी हाताने वेगळा करतं.

५ ऑक्टोबर, रविवार

प्रायमरचा दिवस ठरला होता, पण आर्द्रतामापकावर ८४ टक्के. पुढे ढकलला.

स्प्रे कॅनमधलं लॅकर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड पाडतं, आणि दमट हवेतलं पाणी त्या ओल्या थरावर जमतं. परिणाम : राखाडी प्रायमरवर दुधी झाक. ७० टक्क्यांच्या वर कॅन उघडायचाच नाही, हा नियम मुंबईत जून ते सप्टेंबर जवळजवळ सगळे दिवस खातो. त्या महिन्यांत कापणी, जोडणी, घासकाम करावं. एसी लावून हवा कोरडी होते खरी, पण बंद खोलीत स्प्रे मारणं म्हणजे ती वाफ स्वतःच्या फुप्फुसात भरणं. स्प्रेला खिडकीजवळची जागा आणि कोळशाच्या फिल्टरचा मास्क. एन-९५ धूळ अडवतो, वाफ अडवत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुपारी दोन वाजता ५८ टक्के. प्रायमर मारला.

आधी फ्रेमच्या उरलेल्या तुकड्यावर चाचणी. पूर्वी यासाठी प्लास्टिकचे चमचे वापरत. जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक चमच्यांवर बंदी आहे, आणि फ्रेमचा तुकडा तसाही जास्त विश्वासाचा, कारण प्लास्टिक तेच. गाडीच्या प्रायमरचे काही कॅन पॉलिस्टायरीन खातात, पृष्ठभाग खरखरीत होतो. हा हॉबीचा होता, ठीक निघाला. हार्डवेअरचं एनसी थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर मॉडेलच्या आसपासही नको.

कॅन दोन मिनिटं हलवून, २० सेंटिमीटर अंतरावरून, मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेर संपवत पातळ झपके. पंखाच्या मुळाशी डावीकडे केसासारखी रेघ दिसली. प्रायमरचा खरा उपयोग हाच. रेघेवर लापशी भरली, दोन दिवसांनी १००० ने घासून परत झपका.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

रंग. शेवटच्या काळातल्या विमानांचा राखाडी. साठच्या दशकातली चमकदार धातूची मिग देखणी, पण धातूच्या रंगाखाली एकेक ओरखडा उठून दिसतो, म्हणून पहिल्या किटला नाही. वॉलेहोत पाण्याचे थेंब घालून दुधाइतका पातळ केला. चपट्या ब्रशने पहिला हात पुढून मागे, तास-दीड तासाने दुसरा आडवा, मग तिसरा. पहिला हात डागाळलेला दिसणारच. तो तिथेच झाकायला जाणं हे ब्रशच्या खुणा पडण्याचं मुख्य कारण.

मास्किंगला ६ मिलिमीटरची तामियाची टेप. हार्डवेअरची टेप खरखरीत, तिच्या कडेखालून रंग झिरपतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी ग्लॉस वार्निश, संध्याकाळी डेकल. हा क्रम चुकवू नये. खडबडीत मॅट रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक राहते.

कागदातून एकच चिन्ह कापून कोमट पाण्यात दहा सेकंद, मग ओल्या टिश्यूवर मिनिटभर. कागदावर बोटाने सरकतं का पाहायचं, जबरदस्तीने ओढायचं नाही. मॉडेलवर मायक्रो सेटचा (डेकल बसवायच्या द्रवाचा) थेंब, त्यावर केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ सरकवून जागेवर, पाणी कापसाच्या काडीने मधून कडेकडे. मग मायक्रो सोल, म्हणजे डेकल मऊ करणारं द्रव. त्याने डेकल सुरकुततं. घाबरून हात लावायचा नाही, वाळताना ते पॅनेलच्या रेषांत बसतं. महापालिकेचं नळाचं पाणी तलावांचं आहे, ते चालतं. इमारतीत टँकर किंवा बोअरिंगचं पाणी येत असेल तर फिल्टरचं घ्यावं, नाहीतर क्षारांचे डाग उरतात.

२६ ऑक्टोबर, रविवार

मॅट वार्निश, त्यानंतर कॉकपिटची काच. ती फेविकॉलने : टूथपिकने कडेला बारीक थेंब, ओल्या काडीने जादा पुसून. वाळला की पारदर्शक होतो आणि काच धुरकटत नाही. (शिशाला वर्ज्य असलेला गोंद इथे सर्वोत्तम.) सिमेंटचा एक शिंतोडा काचेवर पडला तर ती जागा २००० च्या कागदाने आणि मग टूथपेस्टने चोळून बऱ्यापैकी परत येते.

चाकं, क्षेपणास्त्रांचे हूक, आणि अखेर पिटो नळी. मॉडेल तीन चाकांवर उभं राहतं, नाक खाली.

साठा : सिमेंट तीन चतुर्थांश बाटली शिल्लक. ४०० चा कागद जवळजवळ नवा, १००० चा संपला. अकरा नंबरची तीन ब्लेड डबीत गेली. पुढच्या किटआधी १००० चा ताव आणि ब्लेड आणायची, बाकी काही नाही.